बाळंतविडा विणताना

नागपूरचं ऊन साऱ्यांना ठाऊक. पण २०१८च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. म्हणून हिवाळ्यातल्या बाळंतविड्यात लोकरीचं टोपडं, स्वेटर, पायमोजे हवेतच. लोकर गालाला लावून पाहा. टोचली तर नको. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर. टोपडं त्याहून किंचित कमी घ्या, काठाला एक सुलट, एक उलट विणा. ते ताणून नीट बसतं. स्वेटर मात्र मोठाच असू द्या, बाळसं धरायला कितीसा वेळ लागतो? जाळीची वीण टाळा, बोटं अडकतात. गळ्याशी लांब नाड्याही नकोत. बारशाआधी सगळं धुऊन वाळवा. आणि बाळ झोपलं की टोपडं काढायचं, हे बाळंतिणीला आवर्जून सांगा.