उत्तराचा ताळा



गणित सुटले की त्याचा ताळा पाहावा, हा संस्कार मराठी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. भौतिकशास्त्रातील अशाच एका ताळ्याची हकिकत आज सांगावयाची आहे. तिचा एक धागा राजाजीनगरपासून थोड्याच अंतरावरील भारतीय विज्ञान संस्थेशी जुळतो.

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचा सुमारे 207 पट जड भाऊबंद. विश्वकिरणांमुळे तो वातावरणात निर्माण होतो आणि या सभागृहातील प्रत्येकाच्या देहातून आरपार जात असतो. तो एक सूक्ष्म चुंबकही आहे. डिरॅक यांच्या समीकरणानुसार त्याच्या चुंबकत्वाचा गुणांक नेमका 2 यावयास हवा. प्रत्यक्षात तो किंचित अधिक भरतो. कारण निर्वात पोकळीही पूर्णपणे रिकामी नसते. तेथे क्षणभर प्रकटून लोपणाऱ्या कणांचा परिणाम म्यूऑनवर होतो. निसर्गात एखादा अज्ञात कण दडला असेल, तर त्याचीही खूण या जादा अंशात उमटेल. म्हणूनच हा अंश इतक्या कसोशीने मोजला जातो.

अडचण आहे ती भाकिताची. या अंशातील पायॉनसारख्या कणांचा वाटा नुसत्या कागद-पेन्सिलीने काढता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवून त्यांतून किती पायॉन निपजतात हे मोजतात. परंतु दोन्ही झोत किती दाटीने भिडले हे कळल्याखेरीज ती मोजणी व्यर्थ होय. तेथे होमी भाभा यांचे 1936 सालचे सूत्र कामी येते. हे दोन कण परस्परांवर आदळून केवळ दिशा बदलण्याची शक्यता ते सांगते. या घटनेला ‘भाभा प्रकीर्णन’ म्हणतात; अनेक प्रयोगांत तोच मापदंड ठरला आहे. हेच भाभा 1939 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आरंभही 1945 मध्ये तेथेच झाला आणि मग ती मुंबईस गेली.

अमेरिकेतील फर्मीलॅबने 7 एप्रिल 2021 रोजी आपले पहिले मोजमाप जाहीर केले, तेव्हा भाकिताशी त्याची लक्षणीय तफावत दिसली. नवा कण हाती लागणार, अशी आशा पालवली. मात्र 2023 मध्ये रशियातील नोवोसिबिर्स्क येथील टकरींत पायॉनांचे प्रमाण पूर्वीच्या प्रयोगांपेक्षा अधिक आढळले. ते आकडे घेतल्यास तफावत बरीच घटते. 3 जून 2025 रोजी फर्मीलॅबचा अंतिम आकडा आला; त्यातील अनिश्चितता एक अब्ज भागांत अवघी 127 भाग. त्याच वर्षी भाकितासाठी महासंगणकांच्या गणनेचा आधार घेण्यात आला आणि दोन्ही आकडे जुळले.

तरीही शास्त्रज्ञांनी वही मिटलेली नाही. टकरींचे प्रयोग परस्परांशी का जुळत नाहीत, हे कोडे अजून सुटावयाचे आहे. एका रीतीने आलेले उत्तर दुसऱ्या रीतीनेही यावे लागते. तोवर ताळा पुरा होत नाही. पाल्याच्या वहीत उत्तर बरोबर दिसले, तरी पान उलटण्यापूर्वी पालकांनी ते कसे आले, एवढे अवश्य विचारावे.