खांद्याचं ऑपरेशन आणि पुढचे 6 महिने

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची छाटणी लागली की आपले हात दिवसभर वरच असतात. रात्री खांदा ठणकतो, त्या कुशीवर झोपवत नाही, वेणी घालायला हात उचलत नाही. आपण बाम चोळतो आणि सकाळी परत बागेत.

खांद्याला 4 स्नायू धरून ठेवतात. वयाने, पडल्याने, सतत हात वर करून ते हाडाजवळ झिजतात, फाटतात. प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. पुष्कळदा व्यायामानेच बरं वाटतं. लागलंच, तर बारीक छिद्रांतून दुर्बिणीने स्नायू पुन्हा हाडाला शिवतात. बहुतेकांचं दुखणं कमी होतं आणि हा आराम कित्येक वर्षं टिकतो. मात्र वय जास्त असेल, साखर वाढलेली असेल, मिश्री-तंबाखू सुटली नसेल, तर शिवलेलं पुन्हा फाटायची भीती जास्त.

वरची जखम लवकर भरते, आतली जोड सावकाश. साधारण 6 आठवडे हात झोळीत, मग व्यायाम. जड काम सुमारे 6 महिन्यांनी, तेही डॉक्टरांना विचारूनच.

आमच्या गटातल्या एका ताईंनी तिसऱ्याच आठवड्यात हंडा उचलला. दुखणं परत आलं. चूक त्यांची नव्हती, घरात पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून आता आम्ही ठरवलंय, ऑपरेशन झालेल्या बाईचं पाणी-धुणं गटाने वाटून घ्यायचं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना?