धावपटूचा हिवाळा

(गणेशोत्सवानिमित्त सुर्ला येथे शालेय धावपटू व पालकांसमोर केलेले भाषण)



चतुर्थीच्या धामधुमीत हा माणूस हिवाळ्याचे काय घेऊन बसला, असे तुम्हांला वाटेल. पण थंडीत काय करायचे ते आत्ताच ठरवलेले बरे. सरद पिकाची कापणी झाली की आपला शेतकरी स्वस्थ बसत नाही. पाणी असेल तिथे वायंगण लावतो. धावपटूचेही तसेच आहे. स्पर्धा संपल्यावरच्या त्या दोन-तीन महिन्यांत पदक मिळत नाही, पण पुढच्या वर्षाचे पीक तेव्हाच पेरले जाते.

आधी माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. तो पदके आणू लागला, तशी मला हाव सुटली. हिवाळाभर जवळजवळ दर रविवारी मी त्याला कुठल्या ना कुठल्या शर्यतीत उतरवले. नडगी दुखते म्हणायचा. मी म्हणायचो, "थंडीमुळे असेल, तेल चोळ." शेवटी डॉक्टरांनी सांगितले, हाडाला बारीक चीर गेली आहे. हाड सांधले, पण मुलगा मैदानावर परतला नाही. त्याने मला कधी दोष दिला नाही, म्हणून ते अधिक टोचते.

मग करायचे काय? सावकाश धावायचे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना शर्यतींचा मोसम येण्याआधी आठवड्याला शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर धावायला लावत. ८०० मीटरवाल्यालाही सुटका नसे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. मुलांनो, ते आकडे मोठ्या माणसांचे. तुम्ही तत्त्व तेवढे घ्या. सावकाश धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. वेग नंतर त्यावर चढतो.

खूण सोपी आहे: धावताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. आठवड्याला चार दिवस धावा, त्यांतला एक दिवस जरा लांब. एक दिवस पूर्ण विश्रांती. उरलेल्या दिवशी दोरीवरच्या उड्या, उठाबशा किंवा नुसते खेळणे. कापणी झालेले मऊ शेत किंवा मातीची वाट डांबरापेक्षा बरी. आपल्या डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक चालतात त्या रस्त्यांवर मात्र जाऊ नका; ती धूळ छातीत जाते. आपला हिवाळा तो केवढा! पहाटे पारा विसाच्या आसपास. पण घामाने जीव न जाता धावता येईल असे दिवस आपल्याला तेवढेच मिळतात.

पालकांना दोन गोष्टी. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. टाच किंवा गुडघ्याखालचा भाग दुखतो असे मूल म्हणाले, तर तो आळस समजू नका. दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा. आणि पोटभर खाऊ द्या: उकड्या तांदळाची पेज, नाचणी, कुळीथ, मासळी. मुलीची पाळी थांबली तर "धावते म्हणून" असे म्हणून सोडून देऊ नका. शरीराला अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

घाई कशाला? बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटर चालत-धावत जाई. तो शर्यतींकडे वळला तो सैन्यात गेल्यावर, विशीत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच जात होती. चौदाव्या वर्षी त्याच्या गळ्यात पदकांची माळ नव्हती. पाय मात्र शाबूत होते.

माझे मागणे एवढेच: या हिवाळ्यात मुलाला "कितवा आलास?" असे विचारू नका. "पाय कसे आहेत?" असे विचारा. मी ते वेळेवर विचारले नाही.

गणपती बाप्पा मोरया!