विद्यालयाच्या अंगणी आरोग्यसेवा



ज्या मुलाला फळ्यावरचे अक्षरच दिसत नाही, त्याच्यापुढे उत्तमातील उत्तम शिक्षक उभा केला, तरी उपयोग काय? जिच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे नाही, ती मुलगी पहिल्या तासालाच थकते आणि ‘अभ्यासात मंद’ ठरते. दोष बुद्धीचा नसतो. वेळीच न झालेल्या तपासणीचा असतो.

हा विचार या देशाला नवा नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९०९ साली बडोदा शहरात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा तो आरंभ मानला जातो. पुढे १९४६ साली भोर समितीला मात्र अशी सेवा देशात जवळजवळ नसल्याचेच नमूद करावे लागले.

२०१३ साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. या कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. जन्मजात हृदयदोष, दृष्टिदोष, बहिरेपण, कुपोषण हेरून ती बालकांना पुढील उपचारांसाठी पाठवतात. हे कार्य मोलाचे आहे. तथापि, आजार पथकाची तारीख पाहून येत नाही.

याची खरी कसोटी लागते ती आश्रमशाळेत. नंदुरबार, मेळघाट वा गडचिरोली येथील जनजाती समाजातील मूल वर्षाचा बहुतेक काळ आई-वडिलांपासून दूर राहते. रात्री ताप चढला, तर कपाळावर हात ठेवणारी आई जवळ नसते. ताप साधा की मलेरियाचा, हे अधीक्षकाने कशावरून ठरवावे? सिकलसेलग्रस्त मुलाचा ताप तर काही तासांतच जिवावर बेतू शकतो. त्याच्या असह्य वेदनांना कुणी ‘अभ्यासाची टाळाटाळ’ म्हणावे, यासारखा अन्याय नाही.

म्हणून शाळेतच एक खोली, दोन खाटा, प्रशिक्षित परिचारिका, मलेरियाची तत्काळ चाचणी, प्रत्येक विद्यार्थ्याची आरोग्यपत्रिका आणि रात्री-अपरात्री रुग्णालय गाठण्यासाठी वाहन, एवढी सिद्धता अत्यावश्यक आहे. लोहाची साप्ताहिक गोळी, जंतनाशक औषध आणि मुलींना विश्वासाने बोलता येईल असे एक माणूस, हे सारे तेथे सहज साधते.

‘गावात आरोग्य केंद्र आहेच की,’ असा आक्षेप घेतला जातो. परंतु मुलाला तेथे नेण्यासाठी मजूर बापाला एका दिवसाच्या रोजीवर पाणी सोडावे लागते. मग दुखणे अंगावर काढले जाते, आणि शाळा सुटते ती कायमचीच.

शासनाने यासाठी पदे निर्माण करावीत व ती भरावीत. शहरांतील डॉक्टरांनी महिन्यातील एक दिवस अशा एखाद्या शाळेला द्यावा. जे मूल समाजाने शिक्षणासाठी आईच्या कुशीतून दूर आणले, त्याच्या प्रकृतीची जबाबदारीही समाजाचीच आहे. ती दयेची नव्हे, कर्तव्याची बाब होय.