ट्रान्झिस्टरांतील प्रवाह आणि दाब



'ट्रान्झिस्टर' हा शब्द आपल्या घरांत शिरला तो रेडिओचें नांव म्हणून. खांद्याला अडकवून शेतावर नेतां येणाऱ्या पेटीलाच लोक ट्रान्झिस्टर म्हणूं लागले, आणि जिच्यावरून तें नांव पडलें ती वाटाण्याएवढी, तीन पायांची वस्तु आंत झांकलेलीच राहिली.

१९४७ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. मी बोलणार आहें तो मात्र त्यांचे सहकारी शॉक्ली यांनीं १९४८ च्या आरंभीं कल्पिलेल्या, तीन थरांच्या ट्रान्झिस्टरविषयीं. उत्सर्जक, आधार आणि संग्राहक हे ते तीन थर. उत्सर्जकांतून निघालेले इलेक्ट्रॉन आधारांत शिरतात. पण आधार इतका पातळ असतो कीं, शंभरांतील एखादाच तेथें अडकतो आणि बाकीचे संग्राहकाकडे ओढले जातात. अडकलेल्यांची भरपाई करणारा प्रवाह तो आधाराचा प्रवाह. म्हणून उत्सर्जकाचा प्रवाह हा इतर दोहोंची बेरीज असतो. हा जमाखर्च कधींच चुकत नाहीं.

आतां, आधाराचा लहान प्रवाह शंभरपट वाढून संग्राहकांत येतो, असें पुष्कळ ठिकाणीं शिकवितात. हिशोबाला तें सोयीचें आहे. परंतु त्या शंभरावर भिस्त ठेवणें मला मान्य नाहीं. एकाच जातीच्या दोन नगांत एकाचें गुणोत्तर शंभर, तर दुसऱ्याचें तीनशें भरूं शकतें. खरी सत्ता चालते ती आधार व उत्सर्जक यांमधील दाबाची. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरांत हा दाब अर्ध्या व्होल्टाच्या खालीं असतां प्रवाह नगण्य असतो. त्यापुढें दर साठ मिलिव्होल्टांस प्रवाह दसपट होतो! समजा, ०.६० व्होल्टाला एक मिलिअँपिअर वाहत असेल, तर ०.६६ ला दहा वाहतील. दीड व्होल्टाचा सेल मध्यें रोध न घालतां तेथें जोडणाऱ्या विद्यार्थ्याचा ट्रान्झिस्टर कां जळतो, हें यावरून ध्यानांत येईल.

संग्राहकावरील दाबाचें तसें नाहीं. तो पांचाचा आठ व्होल्ट केला तरी प्रवाहांत फारसा फरक पडत नाहीं. मात्र नऊ व्होल्टांची बॅटरी आणि वाटेंत हजार ओहमांचा रोध असेल, तर चार मिलिअँपिअरला चार व्होल्ट रोधांतच खर्ची पडून पांच उरतात. आठाला एकच उरतो. नवाच्या पुढें तर प्रवाह जाऊंच शकत नाहीं, मग आधाराला कितीहि पुरवा.

उष्णता हा या वस्तूचा मोठा शत्रु. तोच प्रवाह वाहण्यास दर अंशामागें सुमारें दोन मिलिव्होल्ट कमी दाब पुरतो. म्हणजे दाब तोच ठेवून तीस अंश उष्णता वाढली कीं, प्रवाह सुमारें दसपट! प्रवाहानें पुन्हा उष्णता वाढते, आणि हें चक्र कित्येकदां ट्रान्झिस्टरचा बळी घेतें.

यावरचा उपाय स्वस्त आहे. आधारावरील दाब स्थिर ठेवून उत्सर्जकाच्या पायांत एक लहानसा रोध घालावा. प्रवाह वाढूं लागला कीं, त्या रोधावरील दाब वाढतो आणि आधार-उत्सर्जकांमधला तेवढाच घटतो. प्रवाह आपोआप आवरला जातो. रोधावर एक व्होल्ट पडेल अशी योजना केली, तर त्या तीस अंशांनीं प्रवाह दसपट न होतां शेंकडा पांचसहांनींच वाढतो. आणि शंभराच्या जागीं तीनशेंचा नग बसविला तरी रेडिओ पूर्ववत् बोलूं लागतो.