औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पंचवीस वर्षांत या सोसायटीत मी टाकीची गळती, पार्किंग आणि थकलेला मेंटेनन्स यांवर पुष्कळ बोललो. आज आरोग्यावर चार शब्द बोला असा आग्रह झाला. विषय संकोचाचा आहे. पण ज्या सूनबाईंवर हा प्रसंग गुदरला त्यांनीच "बाबा, नक्की सांगा," असं बजावलं, म्हणून बोलतोय.

मला पित्ताचा जुना त्रास. डॉक्टरांनी एकदा पंधरा दिवसांसाठी कॅप्सूल लिहून दिली. ती मी दुकानातून आणत राहिलो, वर्षानुवर्षं. सूनबाईंना जळजळ व्हायला लागली तेव्हा माझीच पट्टी पुढे केली. "घे गं, काही होत नाही," हे शब्द माझेच.

आठ-नऊ महिन्यांनी त्यांची पाळी चुकू लागली. मग एका स्तनात गाठ आली, लाली आली, ठणका लागला. दोन महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सासऱ्याला कसं सांगायचं? गाठ फुटून पू येऊ लागला तेव्हा घरात कळलं. जामखेडहून नगर, नगरहून पुणे. कुणी कॅन्सर म्हणालं, कुणी क्षय. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

शेवटी गाठीचा तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, क्षयही नव्हता. आजाराचं नाव ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची एक प्रकारची चिवट सूज. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासलं, ते खूप वाढलेलं होतं. मग विचारलं, "घरात कोणकोणत्या गोळ्या घेता? सगळ्या पट्ट्या आणा."

माझ्या कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं ते असं. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक. मेंदूतलं डोपामिन त्याला लगाम घालतं. काही औषधं हा लगाम सैल करतात. मग बाळंतपण नसतानाही स्तनात स्राव साठतो, आजूबाजूला झिरपतो आणि तिथे सूज धरते. "हेच एकमेव कारण असं छातीठोक सांगता येणार नाही, पण प्रोलॅक्टिन वाढायला दुसरं काही सापडलं नाही," असं त्या म्हणाल्या. कॅप्सूल बंद झाली, उपचार सुरू झाले. बरं व्हायला दहा महिने लागले. आज त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

बँकेत तीस-पस्तीस वर्षं बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी एका कागदावर सही केली नाही. घरच्या औषधाची पट्टी मात्र कधी उलटून पाहिली नाही. ही चूक माझी.

उलटीची किंवा गॅसची डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड ही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. पित्ताच्या कॅप्सूलच्या नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर त्यात बहुधा डोमपेरिडोन असतं. मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइडही त्यातलीच. पण ऐका, मानसिक आजाराची गोळी कुणीही मनाने बंद करू नका, त्यात मोठा धोका आहे. डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा औषध बदलू शकतात. पुरुषांनीही हसू नये. हृदयाच्या किंवा लिव्हरच्या आजारात देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती सुजते, दुखते.

म्हणून तीन विनंत्या. एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. आणि स्तनात गाठ, लाली, स्राव काहीही दिसलं तर लगेच दाखवा. प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, पण ते ठरवायचं तपासणीने.

आपण जामखेडकर आहोत. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे इथे आले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायकांना त्यांनी गावोगावच्या आरोग्यसेविका केलं. 1979 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायका परक्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बाईच्या दुखण्याबद्दल मोकळं बोलल्या. त्याच गावात माझ्या घरातली लेक दोन महिने गप्प राहिली, ही खंत मला आहे.

पुढच्या पंचवीस वर्षांत आपल्या एकाही घरात कुणाला असं गप्प राहावं लागू नये, एवढंच मागणं.