गाण्याला चेहरा देणारा माणूस

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



गणपतीपुढच्या व्याख्यानांचे आपले विषय ठरलेले असतात. संतवाङ्मय, अहिल्यादेवी, टिळक, नाट्यसंगीत. यंदा आम्ही प्रदीप सरकार हे नाव सुचवलं, तेव्हा "हे कोण?" असा प्रश्न आला. तो यायलाच हवा होता. गाण्याचा व्हिडिओ दिग्दर्शित करणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहतं? गायिका आठवते, चाल आठवते, कधीमधी कवीही आठवतो. चित्र रचणारा मात्र आपल्या लेखी बिननावाचाच असतो.

आधी थोडा काळ आठवू या. १९९० नंतर उपग्रह वाहिन्या घरोघरी आल्या. तोवर चित्रातलं गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं. आता मागे सिनेमाच नाही, अशी गाणी दिवसभर दिसू लागली. १९९५ साली अलिशा चिनॉय यांचं 'मेड इन इंडिया' गाजलं. दिग्दर्शक केन घोष, आणि पडद्यावर आपला मिलिंद सोमण. अशा गाण्याला आगापिछा नसतो. चार मिनिटांत माणसं उभी करायची, गोष्ट सांगायची आणि गाणं ऐकूही द्यायचं.

या कामात प्रदीप सरकार शिरले ते वयाची चाळिशी ओलांडल्यावर. जन्म ३० एप्रिल १९५५, कोलकाता. शिक्षण दिल्लीच्या कला महाविद्यालयात. पुढे बरीच वर्षं जाहिरातसंस्थेत, मग स्वतः जाहिरातपट करणं. तीस सेकंदांत गोष्ट सांगायची सवय जडलेल्या माणसाला चार मिनिटं म्हणजे ऐसपैस वाडाच! 'युफोरिया' या दिल्लीच्या वाद्यवृंदाचं 'धूम पिचक धूम' आणि शुभा मुद्गल यांचं 'अब के सावन', ही त्यांनी केलेली चित्रणं आज पन्नाशीला टेकलेल्या आपल्या सभासदांना नक्की आठवतील.

हे काम चालायचं कसं, तेही थोडं सांगतो. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं असतं. चित्रणाच्या जागी ते मोठ्यानं वाजवतात आणि समोरची व्यक्ती त्यावर ओठ हलवते. त्या काळी फिल्म वापरत. चारशे फुटांचा एक डबा साडेचार मिनिटांत संपे. म्हणजे एक गाणं अथपासून इतिपर्यंत एकदा चित्रित केलं की डबा रिकामा. म्हणून प्रत्येक ओळीला कॅमेरा कुठे असेल, हे आधी कागदावर उतरवावं लागे. एक गंमत तर मुलांना फार आवडते. हालचाल संथ दिसावी पण ओठ गाण्याशी जुळावेत, असं हवं असेल, तर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात आणि कॅमेराही सेकंदाला ४८ चौकटींनी चालवतात. नंतर ते २४ चौकटींनी दाखवलं, की ओठ मूळ गाण्याबरोबर चालतात आणि पदर मात्र हवेत सावकाश तरंगत राहतो. पडद्यावर जे अलगद वाटतं, त्यासाठी तिथे गाणारी धापा टाकत असते.

पण सरकारांचं मोठेपण या युक्त्यांत नाही. शुभाताई या शास्त्रीय गायिका. कुमार गंधर्वांचं मार्गदर्शन त्यांना लाभलेलं. तेव्हा देवास आणि इंदूर या दोन्ही गावांना त्यांच्याबद्दल थोडी आपुलकी वाटणारच. तेव्हाच्या संगीतवाहिन्यांवर तारुण्य आणि झगमगाट यांचं राज्य होतं. तिथे चाळिशीची, साडी नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू लावलेली बाई मोकळ्या आवाजात पावसाचं गाणं गाते, आणि देशभरची पोरंटोरं ते पुन्हा पुन्हा पाहतात! दिग्दर्शकानं तिला बदलायचा प्रयत्न केला नाही. तो आवाज ज्या देहातून येतो तो देह, तो चेहरा पाहण्यासारखा आहे, एवढा विश्वास त्यानं ठेवला. आमच्या मते त्यांच्या सगळ्या कामाचं सार इथे आहे. आधी ऐकायचं आणि मग दाखवायचं.

माणसांच्या बाबतीतही ते असेच. युफोरियाच्या 'कभी आना तू मेरी गली' या गाण्यात त्यांनी विद्या बालन या मुंबईच्या मुलीला घेतलं. दक्षिणेतले चित्रपट तिच्या हातातून एकामागून एक निसटले होते आणि 'अपशकुनी' हा शिक्का कपाळी बसला होता. तुला घेऊन चित्रपट करीन, असा शब्द सरकारांनी तिला दिला. असे शब्द त्या व्यवसायात रोज दिले जातात. यांनी तो पाळला. 'परिणीता' ठरला, तेव्हा निर्माते विधु विनोद चोप्रा यांच्यापुढे त्यांनी तिचंच नाव धरून ठेवलं. तिला चाचण्यांमागून चाचण्या द्याव्या लागल्या, पण हे हटले नाहीत. 'परिणीता' जून २००५ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाचं वय होतं पन्नास. पहिल्याच चित्रपटाला पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शरच्चंद्रांच्या ज्या कादंबरीवर बिमल रॉय यांनी १९५३ साली चित्रपट केला होता, तीच कथा. यातला नायक संगीतकार आहे, म्हणून गाणी बाहेरून आणून चिकटवल्यासारखी वाटत नाहीत, ती घरातल्या माणसांसारखी वावरतात.

आणि ती गाणी लिहिली कुणी? आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांनी. मराठी घरातला, या गावातला मुलगा हिंदीत गाणी लिहितो, शंतनू मोइत्रा चाल लावतात आणि कोलकात्याचा माणूस त्यांना चित्ररूप देतो. घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी, अशा दोन भाषांत वाढणं म्हणजे तोटाच, असं आपण फार वेळा बोलून दाखवतो. त्यात मिळकतही असते, हे इथे दिसतं.

पुढचा प्रवास सरळ चढणीचा नव्हता. 'लागा चुनरी में दाग' आणि 'लफंगे परिंदे' यांना 'परिणीता'चं यश लाभलं नाही. २०१४ च्या 'मर्दानी'नं मात्र राणी मुखर्जीला पोलीस अधिकारी म्हणून उभं केलं आणि प्रेक्षकांनी तो चित्रपट उचलून धरला. २०१८ चा 'हेलिकॉप्टर ईला' फारसा चालला नाही. २४ मार्च २०२३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मोठ्या चित्रपटांच्या हिशेबानं ही कारकीर्द लहान म्हणता येईल. चार मिनिटांच्या हिशेबानं ती फार मोठी आहे.

आता हा विषय गणपतीपुढे कशाला, तर त्याचं कारण आपल्याच घरात आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. कालची आरती पंचवीस जणांनी चित्रित केली. त्यातल्या बहुतेकांत आवाजापेक्षा दिवेच जास्त आहेत. आणि इकडे आपल्या आज्या, मावश्या, काकू यांच्या गळ्यात पाळणे आहेत, ओव्या आहेत, मंगळागौरीची गाणी आहेत. त्यातल्या काही शब्दांना मालवी वळण लागलं आहे, ते पुण्यात ऐकू यायचं नाही. नातवंडं घरात हिंदी बोलतात. ही गाणी आजीबरोबर गेली, तर ती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत. गेल्या दोन वर्षांत मंडळातले काही गळे कायमचे थांबले, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून तरुण मित्रांना आम्ही एक काम सांगतो. दसऱ्यापर्यंत प्रत्येकानं आपल्या घरातलं एक गाणं चित्रित करावं. पंखा बंद, दूरदर्शन बंद, आजीला खिडकीच्या उजेडात बसवा. गाणं मध्ये तोडू नका. अडखळली तर अडखळू द्या, तिला आठवेपर्यंत थांबा. गाणं कुणाकडून शिकली, कुठल्या गावी, तेही तिच्याच तोंडून येऊ द्या. तिला नटवू नका. मागे दुसरं संगीत घालू नका. आणि खाली चित्रित करणाऱ्याचं नाव जरूर लिहा. निदान आपल्या मंडळात तरी ते बिननावाचं राहू नये.

गणपती बाप्पा मोरया!